क्लिपा लावूनही टाईलची कड पायाला लागतेय? आधी कोबा बघा, मग क्लिपांना शिव्या द्या

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवेन. तक्रार नेहमी एकाच छापाची असते. हॉलमधे २ बाय ४ फुटाच्या टाईल, केमिकलवर (म्हणजे टाईल चिकटवायच्या ॲडहेसिव्हवर) बसवल्या, लेव्हलिंग क्लिपा लावल्या, पाचरी दाबल्या, दुसऱ्या दिवशी क्लिपा काढल्या आणि अनवाणी चाललं की कड लागतेच. मग पार्टी, म्हणजे घरमालक, म्हणते मिस्त्री कच्चा, मिस्त्री म्हणतो क्लिपा भंगार, दुकानदार म्हणतो माल एकदम प्रीमियम आहे साहेब, गुजरातच्या मोरबीचा. आणि तिघंही आपापल्या जागी थोडं थोडं खरं बोलत असतात म्हणून भांडण मिटत नाही.

पहिली गोष्ट, क्लिप करते काय ते नीट समजून घ्या कारण अर्धे घोळ इथेच होतात. क्लिपचं बूड दोन्ही टाईलच्या खाली जातं, वरून पाचर दाबली की उंच असलेली टाईल खाली ढकलली जाते आणि खाली असलेली वर ओढली जाते, दोन्हीच्या कडा एका पातळीत येतात. बस एवढंच. ती फक्त शेजारच्या दोन कडा एकमेकींना जुळवते, खोलीची लेव्हल तिला कळत नाही, कोब्यातला (टाईलखालच्या सिमेंटच्या जमिनीतला) खड्डा तिला दिसत नाही, आणि टाईलच्या पोटातला बेंड म्हणजे वाकडेपणा ती सरळ करत नाही. पाचर असेपर्यंत सरळ झाल्यासारखा दिसतो एवढंच. शेवटचा एखादा मिलिमीटर जुळवायला आणि केमिकल सुकेपर्यंत टाईल हलू नये म्हणून धरून ठेवायला ही वस्तू आहे. तीन-चार मिलिमीटरचा फरक तिच्यावर सोडलात तर ती तो दुसऱ्या दिवशी सकाळी जसाच्या तसा परत देते.

आता कड खरंच लागतेय का, की नुसती दिसतेय, हे आधी ठरवा. खिशातलं एटीएम कार्ड काढा, त्याची जाडी ०.७६ मिमी असते. खालच्या टाईलवर कार्ड आडवं ठेवून सांध्याकडे सरकवा. कार्डाची वरची बाजू आणि उंच टाईलची कड बोटाला सारखी लागली तर काम ठीक आहे, कारण अमेरिकेच्या मानकात बारीक सांध्यासाठी साधारण ०.८ मिमी फरक चालतो आणि शिवाय टाईलचा स्वतःचा बेंड त्यात वेगळा धरतात. कार्डाच्या वर अजून कड उभी राहत असेल आणि तेवढा बेंड टाईलमधेच नसेल तर पार्टीची तक्रार बरोबर आहे, मिस्त्रीने आवाज चढवू नये. एक भानगड मात्र लक्षात ठेवा, पश्चिमेची बाल्कनी असलेल्या हॉलमधे संध्याकाळचं ऊन जमिनीला घासून आत येतं तेव्हा अर्ध्या मिलिमीटरच्या कडेचीपण सावली पडते, आणि हल्ली भिंतीच्या खालून प्रोफाईल लाईट लावायची फॅशन आहे त्यातही तेच होतं. हे पार्टीला आधीच सांगून ठेवा, नंतर सांगितलं की बहाणा वाटतो.

कार्ड टेस्टमधे फेल झालात तर कारण शोधायला कोब्यापासून सुरू करा. दहा फुटी ॲल्युमिनियमची गिलाव्याची पट्टी कोब्यावर सगळ्या दिशांनी फिरवा, उभी, आडवी, कोपऱ्यातून कोपऱ्यात. एवढ्या मोठ्या टाईलसाठी ३ मीटरमधे ३ मिमीपेक्षा जास्त उजेड पट्टीखाली दिसायला नको. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, लेझर लावला, चारही भिंतींवर लाईन बरोबर आली, मग कोबा ओके म्हणून मोकळे. अरे लेझर लेव्हल सांगतो, सपाटी नाही सांगत. खोलीच्या मधे पाच मिलिमीटरची कढई असेल तर भिंतीवरच्या लाईनला ती कशी कळणार? आणि आपल्याकडे नवीन बिल्डिंगमधे प्लंबिंगवाला, इलेक्ट्रिकवाला जमिनीत झिरी मारून जातात, वरून कोणीतरी हाताने माल फासतं, ते उंचवटे हमखास दारापाशी आणि बाथरूमच्या बाहेर असतात. उंचवटा घासून काढा, खड्डा आदल्या दिवशी भरा. खड्डा केमिकलचा जाड थर देऊन भरायचा नाही, जाड थर सुकताना जास्त बसतो आणि टाईल त्याच्याबरोबर खाली जाते, क्लिपा काढल्यावर जी टाईल एका कोपऱ्यात दबलेली दिसते ना ती बहुतेक वेळा हीच.

कोबा चांगला निघाला तर टाईल बघा. पेटीतून दोन टाईल काढा, चकचकीत बाजू समोरासमोर करून एकमेकींवर ठेवा. कडांना फट दिसली आणि मधे टेकल्या तर पोट वर आहे, मधे फट आणि कडा टेकल्या तर वाटीसारखी आहे, आणि जी फट दिसते ती दोन्ही टाईलच्या बेंडची बेरीज असते म्हणून एका टाईलचा बेंड अर्धा धरा. आता दुकानदाराशी भांडायला जायच्या आधी हे ऐका, आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १३००६ प्रमाणे व्हिट्रिफाइड टाईलला मध्यभागी अर्धा टक्का, पण जास्तीत जास्त २ मिमी इतका बेंड चालतो. म्हणजे चार फुटी टाईलला मधे २ मिमी पोट असलं तरी कागदावर ती पास आहे. दुकानदार खोटं बोलत नाहीये. तुमचा जीव मात्र जातो.

हा बेंड सगळ्यात जास्त कधी छळतो तर विटांच्या पॅटर्नमधे, अर्ध्यावर सांधा घेतला की. एका टाईलचं पोट म्हणजे तिची सगळ्यात उंच जागा, तिच्या बरोबर शेजारी दुसऱ्या टाईलचं टोक म्हणजे सगळ्यात खालची जागा. यापेक्षा वाईट जोडी जमूच शकत नाही. पार्टीने नेटवर फोटो बघितलेला असतो, लाकडी फिनिशच्या लांब पट्ट्या अर्ध्या-अर्ध्यावर, आणि ती हट्ट धरते. तेव्हा सरळ सांगायचं की ३८० मिमीपेक्षा लांब टाईलला सांधा एक तृतीयांशपेक्षा जास्त सरकवू नये असा त्याच अमेरिकन मानकाचा नियमच आहे, तो क्लिपांनी मोडता येत नाही. नाहीतर सरळ सांध्याला सांधा घ्या, दिसायलाही मोठी खोली वाटते, माझं तर हेच मत आहे.

नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या बाजूला एका फ्लॅटमधे बघायला बोलावलं होतं, कोबा चांगला, टाईल पण बऱ्यापैकी सरळ, तरी कडा वर-खाली आणि पाच-सहा टाईल पोकळ वाजत होत्या. मालकीणबाई मिस्त्रीला म्हणाल्या, "अहो दादा, तुम्हीच म्हणालात ना क्लिपा लावल्या की बघायला नको?" मिस्त्री गप्प. एक टाईल उचलली. उलटी केली तर मागे पांढरी पावडर जशीच्या तशी, बोट फिरवलं तर बोटाला लागली, आणि खाली कोब्यावर केमिकलच्या कंगव्याच्या रेघा एकदम शाबूत उभ्या, नुकत्याच ओढल्यासारख्या, फक्त रेघांचे माथे थोडेसे चपटे आणि वरून साय धरल्यासारखे गुळगुळीत. टाईल त्या रेघांवर नुसती तरंगत होती आणि क्लिपा तिला वर ओढून धरत होत्या. क्लिपा काढल्या, धरणारं कोणी राहिलं नाही, बसली खाली.

याचा इलाज क्लिपमधे नाहीच, माल पसरायच्या दातेरी करणीत आहे. २ बाय ४ ला १० ते १२ मिमी दात्याची करणी हवी, ६ मिमीच्या दात्याने भागत नाही. रेघा सगळ्या एकाच दिशेला, टाईलच्या आखूड बाजूला समांतर ओढा म्हणजे हवा बाहेर निघायला रस्ता जवळ पडतो, गोल-गोल फिरवलेल्या करणीने हवा आतच कोंडते. टाईलची पाठ ओल्या स्पंजने पुसून पावडर काढा, मग पाठीवर केमिकलचा पातळ हात सपाट बाजूने दाबून फिरवा. टाईल ठेवली की रेघांना आडवी मागेपुढे सरकवा म्हणजे रेघा मोडतात. पहिल्या दोन टाईल बसवल्या की एक उचलून पाठ बघायचीच, कोरड्या खोलीत निदान ८० टक्के आणि बाथरूम, टेरेसला ९५ टक्के माल लागलेला दिसला पाहिजे. पाठ बघायला मिस्त्री लोकांना कमीपणा का वाटतो मला कळत नाही. टाईल हाताने, रबरी हातोडीने जुळवून घ्या आणि मग क्लिपची पाचर दाबा. पाचर दाबताना एक बाजू डोळ्यादेखत मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर उचलली जात असेल तर थांबा, पाचर काढा, टाईल काढा, खाली माल कमी आहे.

आपल्याकडच्या उन्हाचंही बघा. एप्रिल-मे मधे नाशिकला पारा चाळीसच्या आसपास जातो, स्लायडिंगला अजून काचा नाहीत, गरम वारा थेट केमिकलवर. माल पसरल्यावर टाईल बसवायला पिशवीवर वीस-तीस मिनिटं लिहिलेली असतात ती अशा वाऱ्यात मिळत नाहीत. बोट लावा, बोटाला माल चिकटला तर चालू, नाही चिकटला तर तेवढं खरडून फेका. वरून पाणी मारून परत कालवायचं नाही. एका वेळी एक-दोन टाईलपुरतंच पसरा, खिडकीला ओलं पोतं किंवा ताडपत्री बांधा. थंडीत याच्या उलट. नाशिकजवळचं निफाड तर राज्यातल्या सगळ्यात थंड जागांत मोजलं जातं, तिकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री केमिकल झोपून राहतं, आणि मिस्त्री बरोबर चोवीस तासांनी क्लिपा तोडायला हजर. कोपऱ्यातल्या एका टाईलला बाजूने धक्का देऊन बघा, जरा जरी हलली तर त्या दिवशी हात लावू नका. उशीर झाल्याने क्लिपचं काही बिघडत नाही, घाई केली तर टाईलचं बिघडतं.

ओल्या मालावर, म्हणजे वाळू-सिमेंटचा दीड-दोन इंच बेड आणि वर स्लरी (पातळ कालवलेलं सिमेंट), यावर क्लिपा लावू का असं विचारणारे पण खूप आहेत. माझं सरळ उत्तर नको. क्लिप टाईलला बेडवरून उचलते, खाली पोकळी राहते, आणि तो जाड बेड सुकताना बसतो तो वेगळाच. २ बाय २ मालावर बसवायची असेल तर दोरी, पट्टी, रबरी हातोडी, जुन्या पद्धतीनेच चांगलं काम होतं. कोटा आणि मार्बलला तर क्लिपांचा विषयच नाही, कारण ते बसवल्यावर मशीनने घासून पॉलिश करतात, कडा तिथेच मरतात. आपल्याकडचे बरेच जुने मिस्त्री त्याच कामावर हात बसवून आले आहेत, त्यांच्या डोक्यात थोडं वर-खाली झालं तर मशीनवाला बघेल असं असतं. व्हिट्रिफाइडला मशीन लावता येत नाही, वरचं फिनिश गेलं की गेलं.

बाथरूमच्या उताराला जपून. नहाणीच्या जाळीकडे चारही बाजूंनी उतार असतो, तिथे टाईल तिरकी कापून घडी पाडलेली असते, त्या घडीवर क्लिप लावली तर ती दोन्ही उतार एका पातळीत आणायला बघते आणि पाणी साचतं. सरळ भागात लावा, घडीवर नको. भिंतीवर मात्र क्लिपा छान काम करतात. पण भिंतीला चार कोपऱ्यांत आणि मधे असे केमिकलचे गोळे मारून टाईल चिकटवायची जी पद्धत आहे ती क्लिपांनी सुधारत नाही, नळाचं भोक पाडताना ती टाईल तडकते आणि मागे पाणी फिरत राहतं.

आता क्लिपांच्या स्वतःच्या बारीक कटकटी. क्लिप तुटत नाही किंवा मधेच तुटून सांध्यात प्लास्टिकचं खुंट राहतं, याचं कारण नव्वद टक्के वेळा सांध्यात वर आलेलं केमिकल. ते ओलं असतानाच काढायचं, सुकल्यावर क्लिप त्याच्यात गाडली जाते आणि तिला जिथून तुटायला बनवलंय तिथून तुटत नाही. तोडताना रबरी हातोडीने किंवा बुटाने सांध्याच्या दिशेने, सांध्याला समांतर मारा. आडवी मारलीत तर टाईलची कड खपली निघून जाते आणि पांढऱ्या मार्बल फिनिशवर ती खपली जन्मभर दिसते. राहिलेली खुंटं सांध्यात ग्राउट (सांधे भरायचा माल) भरायच्या आधी कटरच्या पात्याने काढा. पाचरीचे दाते झिजले की ती दाबलेली राहत नाही, हळूच मागे सरकते, संध्याकाळी घट्ट होती आणि सकाळी सैल, आणि मग पुन्हा क्लिपांवर खापर. पाचरी रोज पाण्याच्या बादलीत टाका, सिमेंट सुकू देऊ नका, दाते गेलेल्या फेकून द्या, दोन-चार रुपयांसाठी जीव अडकवू नका. पाचरीखाली वाळूचा कण राहिला तर ग्लॉसी टाईलवर ओरखडा, म्हणून आधी पुसा. पाचर प्लायरने (पकडीने) दाबत असाल तर जोर एकच सेट ठेवा, आणि तो कमीच ठेवा. ताकदीने दाबून बेंड सरळ केलेली टाईल स्प्रिंगसारखी ताणलेली असते, क्लिप निघाली की परत जाते. आणि पॅकेटवर जाडी बघून घ्या, साध्या क्लिपा बहुतेक ३ ते १२ मिमी जाडीच्या टाईलसाठी असतात, अंगणातल्या २० मिमी टाईलला उंच क्लिपा वेगळ्या मिळतात.

लावायच्या कुठे? कोपऱ्यापासून दोन इंच आत, मग मधे सारख्या अंतराने. अगदी कोपऱ्यावर नको. २ बाय ४ ला लांब बाजूला चार, आखूड बाजूला दोन.

यातूनच खर्चाचा हिशोब निघतो. प्रत्येक टाईलच्या चारही बाजू शेजारणीबरोबर वाटल्या जातात म्हणून दोनच बाजू मोजा, एका टाईलमागे सहा क्लिपा धरा, टाईल ८ स्क्वेअर फूट, म्हणजे १०० फुटाला ७५ क्लिपा. २ बाय २ ला बाजूला दोन-दोन, टाईलमागे चार, १०० फुटाला १०० क्लिपा, म्हणजे लहान टाईलला उलट जास्त लागतात आणि गरज कमी. समजा क्लिप दोन रुपयाला पडली तर २ बाय ४ ला फुटामागे दीड रुपया. पाचरी परत वापरता येतात, पण दोन दिवसांच्या कामाएवढ्या ठेवा कारण आजच्या उद्यापर्यंत अडकलेल्या असतात, नाहीतर मिस्त्री पाचरी हव्यात म्हणून क्लिपा लवकर तोडतो, हे मी बऱ्याच साईटवर बघितलंय. हा दीड रुपया कोटेशनमधे वेगळी ओळ करून लिहा, मजुरीत दाबू नका. मजुरीत दाबला की कोणीतरी क्लिपा दोन फुटांवर एक लावून वाचवतो.

मग धंदेवाईक माणसाने घ्याव्यात का? २ बाय ४, ८०० बाय १६०० मिमी आणि त्यापुढे केमिकलवर काम असेल तर डोळे झाकून घ्या, हात कितीही बसलेला असला तरी, कारण हाताने जुळवलेली टाईल शेजारची ठोकताना हलते आणि ते तुम्हाला सुकल्यावर कळतं. २ बाय २ ला चांगल्या मिस्त्रीला गरज नाही, फार तर दारातल्या आणि मधल्या रांगेला लावा. "क्लिपा म्हणजे नवशिक्यांचं काम" असं म्हणणारे आहेत, त्यांना म्हणू द्या. पण ज्याला कोबा तपासता येत नाही त्याच्या हातात क्लिपा दिल्या तर तो फक्त जास्त आत्मविश्वासाने वाकडं काम करतो. अजून एक, क्लिपचं पान सांध्यात बसतं म्हणून निदान १ मिमी सांधा राहणारच, पार्टी जर "जॉइंट दिसायलाच नको" म्हणत असेल तर तेव्हाच बोलून घ्या. मी तर २ मिमी आणि टाईलच्या रंगाचा इपॉक्सी ग्राउट असंच सांगतो, आणि भिंतीपाशी स्कर्टिंगखाली पाच-सहा मिलिमीटर मोकळे, नाहीतर उन्हाळ्यात टाईल फुगून उचलतात तेव्हा क्लिपांचा काही संबंध नसतो.

ज्यांचं काम आधीच बिघडलंय त्यांनी काय करायचं, तर पूर्ण फ्लोअर उखडायची भाषा लगेच करू नका. कार्ड घेऊन बसा, फेल सांध्यांवर मास्किंग टेपचा तुकडा लावत जा. टेप सगळीकडे लागली तर कोबा किंवा पॅटर्न चुकलाय, तिथे बदलाबदलीने भागणार नाही. पण बहुतेक वेळा टेप चार-सहा टाईलभोवतीच गोळा होते. त्या टाईल नाण्याने वाजवून बघा, पोकळ असतील तर बदलायच्याच. आधी चारही बाजूंचा सांधा पातळ पात्याने कापून मोकळा करा, मग टाईल मधोमध फोडून आतून बाहेर काढत या, कडेखाली छिन्नी घालून उचकटायला गेलात तर शेजारची चांगली टाईल जाते. खालचं जुनं केमिकल पूर्ण खरडा, नाहीतर नवीन टाईल परत उंच. आणि म्हणूनच काम संपल्यावर त्याच बॅचची निदान एक पेटी पार्टीच्या माळ्यावर ठेवायला लावा, सहा महिन्यांनी तोच शेड आणि तोच साईज दुकानात मिळेल याची खात्री दुकानदारपण देत नाही.